साबुदाणे, राहणार इंटरनेट

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ती नोटीस मी पाठवलेली नाही. पप्पांनी टाइप केली, आप्पांनी तिच्यावर शिक्का मारला, आणि मी फक्त 'पाठवा' असं लिहिलेलं बटण दाबलं. बटण दाबणारा माणूस कितपत जबाबदार असतो, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही.

आमचं गाव लोहारा तालुक्यात. गच्चीवर उभं राहिलं की माकणीच्या धरणाचं पाणी चकाकताना दिसतं, आणि खाली अंगणातल्या नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं. कधी चौथ्या, कधी सहाव्या, कधी पाव्हणे आले की अजिबातच नाही. गावाचं नाव मी सांगत नाही. ह्या प्रकरणात प्रत्येकानं स्वतःचं नाव कुठं छापून यावं यासाठी जे काही केलं ते बघता, गावाच्या नावावरून पुन्हा सभा भरायची.

तर मी एक ॲप तयार केलं. नाव ठेवलं 'नळ आला का'. ज्याच्या गल्लीत नळ खोकायला लागेल त्यानं बटण दाबायचं, म्हणजे त्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप जातो. पप्पांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळं कॉम्प्युटर मला लहानपणापासून ओळखतो. माणसं मात्र मला आत्ता आत्ता ओळखायला लागली. आठवीपर्यंत फळ्यावर तारीख लिहायला सांगितली तरी माझा हात कापायचा. नववीत काय झालं कुणास ठाऊक, तोंड उघडलं ते बंदच होईना. मम्मी म्हणते, आधीचं बरं होतं.

ॲप मी ओपन सोर्स केलं. कस्तुराकाकूंनी विचारलं, "म्हंजे काय गं?" कस्तुराकाकू समोरच्या घरात राहतात, आणि गल्लीत नळ आल्याचं त्यांना नळाच्या आधी कळतं. मी म्हणलं, "काकू, समजा तुम्ही येसराचा मसाला केला. त्याचं माप, धने किती, खोबरं किती, सगळं लिहून दारावर चिकटवलं. कुणीही वाचावं, आपल्या घरी करावं, आणि कुणाला वाटलं मिरे कमी पडले तर तुम्हाला तसं सुचवावं. पटलं तर तुम्ही कागदावर बदल करायचा."

काकू म्हणाल्या, "माझ्या येसरात मिरे कमी हायत असं कोण म्हनतंय?"

ओपन सोर्समधल्या अर्ध्या भांडणांचं मूळ काकूंना त्या क्षणी कळलं होतं. मला कळायला महिना लागला.

*

मे महिन्यात पुण्याच्या एका मेळाव्याचं पत्र आलं. शाळेतल्या मुलामुलींनी केलेले ओपन सोर्स प्रकल्प ते मागवत होते. वीस जण निवडायचे, दोन दिवस पुण्यात राहायचं, आणि प्रत्येकानं मंचावर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. पाच मिनिटं! माईक असलेल्या मंचावर! मी पत्र एवढ्या वेळा वाचलं की पप्पा म्हणाले, मोबाइलचा पडदा झिजंल.

अटी तीन होत्या. प्रकल्पाला समुदायातल्या वागणुकीची आचारसंहिता हवी. योगदान कसं करावं याचे नियम हवेत. आणि बाहेरच्या, म्हणजे ओळखीपाळखीच्या नसलेल्या, निदान एका माणसाचं योगदान त्या नियमांप्रमाणं स्वीकारलेलं हवं. मुदत पंचवीस मे, संध्याकाळी सहा.

मी नेटवर चार-पाच आचारसंहिता वाचल्या आणि पार गोंधळले. एकमेकांना अपमानास्पद बोलू नका, धमक्या देऊ नका, कुणाचा पत्ता उघड करू नका. नळाच्या ॲपमध्ये कोण कुणाला धमकी देणार? (हे मला हल्दीच्या प्रसंगाआधी वाटत होतं. तो प्रसंग पुढं येतोच.) आणि प्रत्येकीत एक ओळ होती, की तक्रार आली तर ती घेणारा एक जबाबदार माणूस नेमा, आणि तो शक्यतो तुम्ही स्वतः नसावा.

"मग कोण?" मी पप्पांना विचारलं.

पप्पा आधार कार्डाची झेरॉक्स काढत होते. मशीनकडं बघतच म्हणाले, "तक्रारी ना? आप्पा हायत की."

शेजारचे महालिंगप्पा आप्पा आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आहेत. सहा वर्षं झाली. सहा वर्षांत त्यांच्याकडं एकही तंटा आलेला नाही. गावात तंटे नाहीत असं नव्हे, भरपूर आहेत, पण लोक आपापल्या भावकीत बसून ते मिटवतात किंवा आपापल्या भावकीत बसून वाढवतात. आप्पांकडं लाल कापडाच्या बांधणीचं रजिस्टर आहे, शिक्का आहे, शाईचं पॅड आहे. पॅड वाळू नये म्हणून ते दर सोमवारी त्यात दोन थेंब पाणी घालतात. रजिस्टरच्या पहिल्या पानावर 'तंटा क्र. १' असं लिहून ठेवलेलं आहे आणि पुढं कोरं.

मी त्यांना विचारायला गेले तेव्हा ते खाटेवरून उठून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस नववीतल्या पोरीसमोर उभा राहतो, हे बघून मला एकदम मोठं वाटलं. घसा खाकरून म्हणाले, "जबाबदारी स्वीकारतो. कागद आन."

कागदावर असल्याशिवाय काही घडलं असं आप्पांना वाटतच नाही. म्हणून ॲपमध्ये जे जे होईल त्याची छापील प्रत पप्पांनी त्यांना रोज द्यायची असं ठरलं.

*

नियम मी आठ लिहिले होते. दुकानातल्या बाकावर ठेवलेला कच्चा कागद चार दिवसांत तेवीस नियमांचा झाला.

पहिल्या दिवशी कुणीतरी "आचारसंहिता लागली का? निवडणूक कशाची?" म्हणून विचारून गेलं, ते मी सोडून दिलं. मग कस्तुराकाकू आल्या. "लिही. जो नळाला मोटर लावतोय, त्याचं योगदान घेतलं जानार न्हाय." मी म्हणलं, काकू, हे प्रोग्राममधल्या योगदानाबद्दल आहे, जगात कुठलाही माणूस करू शकतो, त्याच्या घरी मोटर आहे का हे मला कसं कळणार? काकू म्हणाल्या, "इचार की त्याला." नियम नऊ.

मग बलभीममामा आले. हे गावाचं पाणी सोडतात, कोणत्या गल्लीचा वॉल कधी फिरवायचा हे सगळं त्यांच्या हातात. म्हणाले, "वॉलमनला फोन लावून कुनी आईबहीन काढायची न्हाय. हे ठळक टाईपात." हा नियम मला खरोखरच जगातल्या सगळ्या आचारसंहितांशी जुळणारा वाटला. नियम दहा.

आप्पांनी रात्रीचं जेवण व्हायच्या आत तेरा नियम वाढवले. 'तक्रारदार व निवाडा करणारा एकच इसम नसावा', 'तक्रार दाखल होताच समोरच्या इसमास नोटीस द्यावी', 'निवाडा होईपर्यंत त्या इसमाचे योगदान स्वीकारू नये'. भाषा इतकी भारदस्त होती की मला वाटलं पुण्यातले लोक वाचून उभे राहतील. मी सगळे नियम जसेच्या तसे वर चढवले. आपण काय चढवतोय ते नीट वाचावं, असा नियम तेवढा त्यात नव्हता.

राहिली योगदान करणाऱ्यांची यादी. प्रत्येक प्रकल्पात एक यादी असते, कुणी कुणी हातभार लावला त्यांच्या नावांची. साधी गोष्ट. पण आमच्याकडं नावांची यादी म्हणलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लग्नपत्रिका येते. काकूंनी विचारलं, "आमच्या मामंजींचं नाव वर घेशील न्हवं?"

"काकू, ते तर वारले."

"मग काय झालं? गावाची हीर त्येंनी खंदली. पान्याचंच काम हाय की."

आप्पांनाही त्यांच्या लिंगैक्य झालेल्या वडिलांचं नाव 'आशीर्वाद' म्हणून हवं होतं. मी ठाम राहिले. जिवंत माणसंच घेणार म्हणलं. एवढं ठाम मी आयुष्यात पहिल्यांदा राहिले, त्यामुळं मलाच घाम फुटला. मग जिवंतांचा क्रम वयानं लागला: महालिंगप्पा, बलभीम, कस्तुराबाई, शिवानंद म्हणजे पप्पा, आणि शेवटी मी. ॲप मी लिहिलं होतं. पण पत्रिकेत नवरीचं नाव मोठं असतं तरी वर आजोबाच असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आता हल्दी. माझ्या ॲपमध्ये एक दोष होता. एका गल्लीत बटण दाबलं तर कधी कधी निरोप सगळ्या गावाला जायचा. कधी कधी का, ते मला कळत नव्हतं. चार दिवस मी शोधत होते. अठरा तारखेला कस्तुराकाकूंच्या पुतणीची हल्दी होती, आमच्या महादेव गल्लीत. मांडवात सगळ्या बाया, हात हळदीनं माखलेले, नवरीच्या एका गालाला हळद लागलेली. तेवढ्यात शाळेमागच्या वस्तीत नळ आला, तिथं कुणीतरी बटण दाबलं, आणि मांडवातले पंचवीस मोबाइल एकदम ओरडले, "नळ आला! नळ आला!"

अर्ध्या मिनिटात मांडव रिकामा. उरलो नवरी, मी आणि बँजोवाला. नवरीनं मला विचारलं, "दुसऱ्या गालाचं काय?" गल्लीतल्या प्रत्येक दाराच्या कडीवर, प्रत्येक घागरीच्या काठावर पिवळे पंजे उमटले, आणि नळांनी नुसती हवा सोडली. बाया परत आल्या त्या माझ्याकडं बघतच. धमक्यांबद्दलचा नियम किती गरजेचा आहे ते मला तेव्हा पटलं.

*

एकवीस तारखेला चमत्कार झाला. अनोळखी माणसानं योगदान पाठवलं!

नाव होतं टॅपिओका-४२. फोटो नाही, गाव नाही, बाई की पुरुष तेही नाही. काकूंनी अर्थ विचारला, मी साबुदाणा सांगितला. "उपासाचा मानूस दिसतोय," काकू म्हणाल्या. ह्या साबुदाण्यानं माझा चार दिवसांचा दोष एका ओळीत काढला होता. गल्लीचं नाव रिकामं आलं तर काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं, आणि ॲप बिचारं गोंधळून सगळ्या गावाला सांगत सुटत होतं. मला त्या ॲपबद्दल फार जवळीक वाटली. गोंधळलं की मीही सगळ्या गावाला सांगते.

मी आनंदानं दुकानातल्या दुकानात दोन उड्या मारल्या. पप्पांनी रीतीप्रमाणं छापील प्रत काढली. आणि ती प्रत कस्तुराकाकूंनी आधी बघितली.

साबुदाण्यानं दोष काढता काढता आणखी एक काम केलं होतं, घरातून जाता जाता कुणी चपला नीट लावून जातं तसं. योगदान करणाऱ्यांची यादी मुळाक्षरांप्रमाणं लावली होती. कस्तुराबाई. बलभीम. महालिंगप्पा. महेश्वरी. शिवानंद.

काकू पहिल्या! त्यांनी ती प्रत घडी न घालता, दोन्ही हातांत धरून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. वाटेत बलभीममामा भेटले. मामा दुसऱ्या नंबरवरच होते, पण आता आप्पांच्या वर. "म्या आप्पाच्या वर?" म्हणून त्यांनी वॉलची चावी खांद्यावर घेतली ती संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही. शेवटचे पप्पा होते. ते म्हणाले, "मला सवय हाय."

आप्पा प्रत बघून तडक घरात गेले. थोड्या वेळानं रजिस्टर घेऊन दुकानात आले, बाकावर बसले आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: तंटा क्र. १. तक्रारदार, महालिंगप्पा. तक्रार स्वीकारणार, महालिंगप्पा. मग स्वतःच स्वतःला पोच दिली, आणि ती घडी घालून खिशात ठेवली.

"आप्पा, मी यादी आत्ता पहिल्यासारखी करते," मी म्हणलं. "दोन मिनिटांचं काम."

"नोंद झाली आता," आप्पा म्हणाले. "ह्यात खाडाखोड चालत न्हाय. नियम तुझ्याच नावानं लावलेत. नोटीस काढ, शिवानंद."

"आप्पा, ते परके आहेत. घाबरून निघून जातील. निवाडा होईपर्यंत योगदान घेता येत नाही, आणि पंचवीसला मुदत संपते."

"मग पंचवीसलाच सुनावनी ठिवू. पाच वाजता. महादेवाच्या देवळात."

मी पप्पांकडं बघितलं. पप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. आप्पांच्या शब्दाबाहेर जायची पप्पांना लहानपणापासून सवय नाही, ते टाइप करायला बसले. नाव लिहिताना दोघं अडले. आडनाव काय? आप्पांनी ठरवलं, साबुदाणे. नोटीस अशी झाली:

'श्री./श्रीमती साबुदाणे, मु. पो. माहीत नाही, ता. माहीत नाही, जि. इंटरनेट. आपण दिनांक २५ रोजी सायंकाळी ५ वाजता समक्ष हजर राहून आपले म्हणणे मांडावे. गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.'

शिक्का. सही. स्कॅन. आणि मग बटण, त्याबद्दल मी सुरुवातीलाच खुलासा केलेला आहे.

खाली माझ्याकडून इंग्रजीत एक ओळ घातली: 'कृपया घाबरू नका, हे आमच्याकडं असंच असतं.' पाठवल्यावर वाचलं तेव्हा ती ओळ नोटिशीपेक्षा भीतिदायक वाटली.

तीन दिवस उत्तर नाही. मी जेवले नाही असं मी म्हणणार होते, पण त्या आठवड्यात गावात दोन लग्नं होती. मात्र रोज पंगतीत बसून मनात म्हणत होते, गेला. जगातला एक माणूस माझ्या कोडमध्ये वाकून बघायला आला आणि आम्ही त्याला समन्स काढलं.

चोवीसला उत्तर आलं. दोन ओळी. 'नोटीस मशीनकडून भाषांतर करून वाचली. मी हजर राहीन. समक्ष जमणार नाही, लिहून बोललं तर चालेल का?'

*

देवळात रेंज फक्त नंदीजवळ येते. म्हणून सुनावणी नंदीभोवती भरली. मोबाइल नारळाला टेकवून उभा केला. तंटा क्रमांक एक बघायला निम्मं गाव आलेलं. आप्पांनी पांढरा फेटा बांधला होता. मी टाइप करणार आणि वाचून दाखवणार. सव्वापाच झाले होते. सहाला मेळाव्याचा फॉर्म बंद.

"इचार त्येला," आप्पा गरजले, "तुमच्याकडं थोरामोठ्याचं नाव उचलून खाली टाकायची रीत हाय का?"

मी लिहिलं: 'मुळाक्षरांप्रमाणे यादी का केली, सांगाल का?'

"एवढं लांबडं इचारलं, आन तू एवढंसंच लिवलीस?" काकूंना शंका आली.

"इंग्रजी आखूड असतं काकू."

उत्तर आलं. मी वाचलं: "आमच्याकडे तसं करतात, म्हणजे भांडणं होत नाहीत."

मागून कुणीतरी हसलं, आणि आप्पांनी वळून बघितल्यावर खोकलं.

पुढची ओळ आली: "पण माझी चूक झाली. तुमचा नियम चौदा सांगतो की नावांच्या यादीत बदल करण्याआधी विचारावं. मी विचारलं नाही. मी माफी मागतो किंवा मागते." हे शेवटचं मी माझ्या पदरचं घातलं, मला दुसरं काय म्हणावं कळेना.

आप्पांचा हात फेट्याकडं गेला. "नियम चौदा? म्या असं लिवलो होतो?"

पप्पांनी प्रत चाळली. होता. आप्पांच्याच अक्षरातून टाइप केलेला.

"पोरी, ह्यानं तेवीसच्या तेवीस नियम वाचलेत?"

मी विचारलं. उत्तर: "होय, दोनदा. माझ्या घरी मोटर नाही."

कस्तुराकाकूंनी मान हलवली. "सांगितलं न्हवं, इचारल्यावर सांगतेत मानसं."

"आणखी एक," साबुदाण्यांनी लिहिलं. "नियम अकरा म्हणतो, तक्रारदार आणि निवाडा करणारा एकच नसावा. आज निवाडा कोण करणार?"

आता मात्र खराच गोंधळ उडाला. अकरावा नियमही आप्पांचाच. आप्पा अध्यक्षाच्या पाटावरून उठले आणि समोर तक्रारदाराच्या बाजूला येऊन बसले. पाट रिकामा. "बलभीम, तू बस," कुणीतरी म्हणलं. काकू उसळल्या, "तो वर गेलाय यादीत, तो कसा बसंल?" मग काकू? त्या तर सगळ्यात वर. पप्पा? ते खाली गेले होते, म्हणजे त्यांचंही नुकसान. मी? मी शेवटून दुसरी झाले होते, म्हणजे फायद्यात.

"यादीत ज्याचं नाव न्हाय असा कुनीतरी बसवा," आप्पा म्हणाले. "ज्येला ह्या प्रकरनाची सगळी माहिती हाय, पन यादीत नाव न्हाय."

पाच चाळीस झाले. आणि मग कस्तुराकाकूंनी, ज्यांनी ती प्रत चार दिवस उशाशी ठेवली होती, ती उघडली, बोट फिरवत खालपर्यंत नेलं, पुन्हा वर आणलं.

"अगं महेश्वरी," त्या म्हणाल्या, "ह्या साबुदान्याचं नाव कुठाय?"

नव्हतं. यादी लावली त्यानं, दोष काढला त्यानं, पुतणीच्या दुसऱ्या गालाचा प्रश्न कायमचा सोडवला त्यानं, आणि स्वतःचं नाव घातलंच नव्हतं. चार दिवस सगळं गाव त्या पाच ओळींत आपण कुठं आहोत ते बघत होतं. सहावी ओळ नाही हे कुणाला दिसलं नव्हतं. मलाही नाही, आणि ॲप माझं होतं.

बलभीममामांनी चावी खांद्यावरून काढून खाली ठेवली.

आप्पा म्हणाले, "ह्यालाच पाटावर बसवा."

"आरोपीला?" पप्पा.

"दुसरं कोन हाय?"

मी मोबाइल उचलून, नारळासकट, पाटावर ठेवला. लिहिलं, 'निवाडा तुम्हीच करा, अशी सगळ्यांची विनंती आहे.' बराच वेळ पलीकडून तीन टिंबं नाचत राहिली. मी ती टिंबं समजू शकते. पाच त्रेचाळीस. पाच पंचेचाळीस.

मग मी वाचलं: "तक्रारदाराचं बरोबर आहे. विचारायला हवं होतं. म्हणून आत्ता विचारते. यादी मुळाक्षरांप्रमाणे ठेवली तर चालेल का?"

"बाई हाय!" काकू ओरडल्या. आणि मला आठवलं की 'विचारते' हेही मीच घातलं होतं, घाईत, स्वतःच्या तोंडचं. पण आता खुलासा करायला वेळ नव्हता.

सगळे आप्पांकडं बघू लागले. आप्पांनी फेटा सारखा केला. "मला इचारलं," ते हळूच म्हणाले. "समक्ष इचारलं." मग मोठ्यानं, "चालंल! पन त्येंचं नाव घाल आधी. त्याबिगर मी सही करनार न्हाय."

"कुठं घालू?"

"त्येंनाच इचार."

उत्तर एका शब्दाचं होतं. मुळाक्षरांप्रमाणे. 'ट' म्हणजे 'क'नंतर, 'ब'च्या आधी. कस्तुराबाई, टॅपिओका, बलभीम, महालिंगप्पा. आप्पांनी बोटांवर मोजलं.

"म्हंजे मी चौथा?"

"होय आप्पा."

"आजून एक खाली," ते म्हणाले, आणि रजिस्टर उघडून तंटा क्रमांक एकपुढं लिहिलं: मिटला. सहा वर्षांनी त्या पानावर शिक्का बसला. इतक्या जोरात मारला की नंदीवरचं फूल पडलं. पाच चौपन्नला मी योगदान स्वीकारलं, सत्तावन्नला फॉर्म भरला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'आचारसंहिता कधी वापरावी लागली का? असल्यास कागदपत्रं जोडा.' पप्पांनी देवळाच्या पायरीवर बसून सगळं रजिस्टर मोबाइलवर फोटो काढून जोडलं. पोचपावतीसकट.

*

जूनच्या दहा तारखेला निकाल लागला. माझा प्रकल्प निवडला! मी गच्चीवर जाऊन धरणाच्या दिशेनं ओरडले, खालून मम्मी ओरडली, आसपासच्या दोन गल्ल्यांत नळ आल्याची अफवा पसरली.

मग पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला. त्यांनी लिहिलं होतं, आतापर्यंत आलेल्या दोनशेवर प्रकल्पांपैकी आचारसंहिता प्रत्यक्ष राबवलेला हा एकच आहे. तरी आपल्या तक्रार अधिकाऱ्यांना मार्गदर्शनासाठी सोबत आणावं. त्यांना वीस मिनिटं दिली आहेत.

वीस. मला पाच.

आप्पांनी पत्राच्या दोन प्रती काढून घेतल्या. एक रजिस्टरमध्ये, एक फ्रेमसाठी. भाषणाची तयारी ते रोज संध्याकाळी नंदीसमोर करतात, आणि मला शेजारी उभं राहून इंग्रजी करायला लावतात. इंग्रजी आखूड असतं हे त्यांनी मनाशी पक्कं धरलंय, त्यामुळं माझं भाषांतर लांबलं की संशयानं बघतात. साबुदाण्यांनी दोन ओळींचं अभिनंदन पाठवलंय. ते बाई आहेत की पुरुष, हे मी अजून विचारलेलं नाही. काकूंनी पुतणीच्या लग्नातला उरलेला ब्लाउजपीस त्यांच्यासाठी बाजूला ठेवलाय आणि पत्ता मागतायत.

काल कार्यक्रमपत्रिका आली. आमच्या प्रकल्पापुढं दोन नावं आहेत. वर महालिंगप्पा, खाली महेश्वरी. मी पुण्याला लगेच फोन लावला. ॲप कुणी लिहिलं, दोष कुणाचा होता, चार दिवस कोण जागलं, सगळं सांगितलं. पलीकडच्या ताई फार गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, नावं आम्ही मुळाक्षरांप्रमाणे लावलीत. तुमच्याच नियमावरून घेतलं ते."

मी फोन ठेवला. म्हणलं, गप्प बसणं बरं नाही, रीतसर तक्रार करू. कागद घेतला, तारीख टाकली, हात कापला नाही. 'प्रति,' लिहिलं.

आणि शेजारच्या ओट्यावरून आप्पांनी विचारलं, "कुनाची तक्रार लिवायलीस पोरी? आन हिकडं, पॅड वलंच हाय."